केवळ द्राक्षारसाच्या रूपात

नाशिकमधील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात मी परिचारिका आहे. आमच्याकडे श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागांतून येणाऱ्या रुग्णांमध्ये मराठी कॅथलिक कुटुंबे बरीच असतात. मी स्वतः त्याच भागातली आणि त्याच श्रद्धेत वाढलेली आहे, त्यामुळे उशाखाली जपमाळ किंवा लॉकरवर हरेगावच्या मतमाउलीचे, म्हणजे मारियामातेचे चित्र दिसले की अधिक काही विचारावे लागत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी दाखल झालेले सत्तरीचे एक बाबा अशाच कुटुंबातले होते. गाठ अन्ननलिकेच्या मधल्या भागात होती. किरणोपचार सुरू झाल्यावर आतली सूज वाढली. आधी भाकरी, मग भात, मग वरणाचे पाणीसुद्धा उतरेनासे झाले आणि शेवटी नाकातून रायल्स ट्यूब घालून त्यांना दूध आणि पातळ पेज देणे सुरू झाले. तोंडाने घेण्याची मुभा होती ती चमच्याने पाण्याच्या लहानशा घोटाची, तीही जीभ कोरडी पडू नये एवढ्यापुरती.

दर रविवारी एक फादर आमच्या वॉर्डात कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर व रक्त मानला जाणारा प्रसाद, घेऊन येतात. बाबांना घट्ट काही गिळता येत नाही हे कळल्यावर त्यांनी होस्टचा, म्हणजे त्या प्रसादाच्या पातळ भाकरीचा, अगदी बारीक कण चमचाभर पाण्यातून दिला होता, आणि बहुतेक रुग्णांना तेवढे जमते. बाबांना ते जमले नाही. कण गाठीपाशी अडकला, जोराचा ठसका लागला आणि सगळे उलटून बाहेर आले. फादरांनी काही न बोलता आपल्याजवळच्या पांढऱ्या वस्त्राने ते टिपून घेतले आणि वस्त्र घडी करून सोबत नेले, पण बाबांच्या मनातून ती गोष्ट गेली नाही. पुढच्या रविवारी फादर खाटेजवळ आले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाले, “मला नको, फादर. दुसऱ्यांना द्या.” त्यांच्या पत्नीने संध्याकाळी मला कारण सांगितले. आपल्या तोंडातून ख्रिस्तशरीर बाहेर पडले, ही विटंबना आपल्या हातून पुन्हा होऊ नये, म्हणून मरेपर्यंत कम्युनियन घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. ज्या माणसाने लहानपणी प्रथम कम्युनियन घेतल्यापासून रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सहसा चुकवली नव्हती, त्याचा हा निश्चय होता.

घरच्या माणसांनी आपापल्या परीने उपाय शोधले. मुलीने मला विचारले, “सिस्टर, होस्ट मिक्सरमध्ये पेजेबरोबर फिरवून नळीतून दिला तर चालेल का?” हा प्रश्न प्रेमापोटी आला होता, म्हणून मी तो जसाच्या तसा फादरांपुढे ठेवला. त्यांनी त्यावर जे सांगितले ते मला पटले. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे भाकरीचे बाह्यरूप जोवर टिकून आहे तोवरच त्या रूपातील ख्रिस्ताची उपस्थिती टिकते. पेजेत दळून विरघळवले की भाकरीचे रूपच राहत नाही, मग नळीतून जाते ती फक्त पेज.

त्याच आठवड्यात बाबांची मेहुणी भेटायला आली. तिचे सासर शरणपूरचे. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती, आणि तिथले सेंट अँड्र्यूज चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट धर्मसभेचे आहे. तिथे प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला दोन्ही सर्वांना मिळतात. सगळे ऐकून घेतल्यावर ती आपल्या बहिणीला म्हणाली, “अगं, भाकर जात नसेल तर प्याला द्यायला सांग की. तुमच्यात प्याला का देत नाहीत, हे मला कधी कळलंच नाही.” बहिणीने माझ्याकडे पाहिले. आमच्या धर्मग्रामात लग्नाच्या मिस्सेत वधूवरांना भाकर आणि द्राक्षारस अशा दोन्ही रूपांत कम्युनियन दिलेले मी पाहिले होते, पण एरवी रविवारी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मिळतो तो होस्टच. प्याला एकटाच देता येतो का, हे मलाही ठामपणे सांगता येईना.

मी फादरांना फोन केला. ते क्षणभरही थांबले नाहीत. धर्मसभेच्या कायद्यातील ९२५ वा नियम नेमका याच प्रसंगासाठी आहे, असे ते म्हणाले: कम्युनियन भाकरीच्या रूपात द्यावे, किंवा उपासनेच्या नियमांनुसार दोन्ही रूपांत द्यावे, आणि गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपातही द्यावे. आजाऱ्यांसाठी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या विधीच्या पुस्तकातही त्याची तरतूद आहे. आजाऱ्याच्या खाटेजवळ मिस्सा होणार नसेल तर सकाळच्या मिस्सेतील ख्रिस्तरक्त, म्हणजे पवित्र केलेला द्राक्षारस, झाकणाच्या पात्रात भरून पवित्र पेटीत ठेवावे आणि सांडणार नाही अशा बंद पात्रातून आजाऱ्याकडे न्यावे. गव्हातील ग्लुटेन ज्यांना चालत नाही अशा रुग्णांनाही हीच वाट खुली आहे, कारण ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेला होस्ट कॅथलिक धर्मसभा वैध मानत नाही. हे व्हॅटिकनने २००३ साली पत्राने स्पष्ट केले होते.

“पण फादर, बाबांना वाटेल की आपल्याला अर्धेच मिळाले,” मी म्हटले. तेव्हा ते रुग्णालयात आले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मला आणि त्या दोघी बहिणींना हा सगळा इतिहास सविस्तर सांगितला. तो मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्या लोकांना तो फारसा कुणी सांगत नाही.

पहिल्या काही शतकांत मिस्सेला आलेले लोक भाकर आणि प्याला दोन्ही घेत. त्याबरोबरच एकाच रूपाची चालही होती. आजाऱ्यांच्या घरी बहुधा भाकर नेली जाई, आणि तान्ह्या मुलांना प्याल्यातूनच देत. तिसऱ्या शतकातील कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी एका तान्ह्या मुलीला प्याला पाजल्याचा प्रसंग लिहून ठेवला आहे. मध्ययुगात रक्त सांडण्याची भीती वाढली, गर्दी वाढली आणि पाश्चात्त्य धर्मसभेत प्याला हळूहळू वेदीवरच्या धर्मगुरूंपुरता उरला. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, त्याविरुद्ध आवाज उठला आणि प्राग शहरात लोकांना पुन्हा प्याला दिला जाऊ लागला. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १५ जून १४१५ रोजी ही गोष्ट मना केली, आणि त्यानंतर महिनाही उलटला नव्हता तोच, ६ जुलैला, प्रागचे सुधारणावादी धर्मगुरू यान हुस यांना त्याच कॉन्स्टन्स शहरात जाळण्यात आले. पुढे हुस यांच्या अनुयायांनी प्याल्यालाच आपले चिन्ह केले. शरणपूरच्या मावशींची परंपरा ज्या अँग्लिकन धर्मसभेतून आली, तिच्या एकोणचाळीस कलमांतील तिसावे कलमच सांगते की सामान्य लोकांना प्याला नाकारू नये. ट्रेंटच्या परिषदेने १६ जुलै १५६२ रोजी कॅथलिक बाजू मांडली ती अशी: कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो, म्हणून एकच रूप घेणाऱ्याला तारणासाठी आवश्यक अशा कोणत्याही कृपेची उणीव राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली विशेष प्रसंगी दोन्ही रूपांची वाट पुन्हा मोकळी केली. मिस्साग्रंथाची प्रस्तावना आज असेही म्हणते की दोन्ही रूपांतून प्रभूच्या मेजवानीची खूण अधिक पूर्णपणे उमटते.

हे ऐकताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती अजूनही मनातून जात नाही. सामान्यांच्या ओठांपासून प्याला दूर ठेवताना ज्या तत्त्वाचा आधार घेतला गेला, तेच तत्त्व आता आमच्या वॉर्डात एका माणसाला प्याला मिळवून देणार होते. भाकरीत रक्तही आहे, म्हणून प्याला नको, असे तेव्हा म्हटले गेले. द्राक्षारसात शरीरही आहे, म्हणून भाकर नसली तरी चालेल, असे आज म्हणता येते. त्या पहिल्या वापरामुळे किती माणसे दुखावली आणि किती रक्त सांडले हे मी विसरू शकत नाही, आणि फादरांनीही ते लपवले नाही. तरी बाबांसाठी त्या शिकवणीचा हा दुसरा वापर मला अतिशय मोलाचा वाटला.

आता प्रश्न आमच्या बाजूचा होता. डॉक्टरांनी विचार करून परवानगी दिली. बाबांना पातळ पाणी थोडे थोडे उतरत होते, त्यामुळे काही थेंबांनी अडथळा येणार नव्हता. किरणोपचाराने हुळहुळ्या झालेल्या अन्ननलिकेला द्राक्षारस झोंबण्याचा संभव मात्र होता, म्हणून प्रमाण अगदी थोडे ठेवायचे आणि मागोमाग पाणी द्यायचे, असे ठरले. मी आधी सुई नसलेली सिरिंज सुचवली. फादरांनी चमचा निवडला, कारण पवित्र रक्त घेण्यासाठी चमचा उपासनेच्या नियमांतच सांगितलेला आहे. त्यांनी शनिवारी आपला लहान चमचा आणून दाखवला; मी त्यात पाणी मोजून पाहिले आणि किती भरल्यावर अर्धा मिलीलीटर होते हे त्यांना दाखवले. फिजिओथेरपीच्या ताईंनी बाबांना हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याचा सराव साध्या पाण्यावर करून घेतला.

बाबांची संमती मिळवणे मात्र या सगळ्याहून अवघड गेले. “परत बाहेर आलं तर?” एवढेच ते विचारत. फादर त्यांच्या खाटेवर टेकले आणि त्यांनी सांगितले की तसे झाले तर ते वस्त्राने टिपले जाईल, ती जागा पाण्याने धुतली जाईल आणि ते पाणी चर्चमध्ये त्यासाठीच ठेवलेल्या पवित्र कुंडीत ओतले जाईल. यासाठी धर्मसभेने पूर्वीच नियम करून ठेवले आहेत, कारण आजारी माणसाच्या हातून असे घडणारच हे तिला ठाऊक आहे, आणि ती विटंबना नव्हे. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पत्नीला विचारले, “रविवारी मिस्सा कितीला आहे?”

रविवारी सकाळी मी नळीतून दिले जाणारे दूध अर्धा तास आधी थांबवले. मुलीला वाटले ते उपवासासाठी आहे. आजारी व वयस्क माणसांना आणि त्यांच्या सेवेतल्यांना कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास लागू नाही. मी दूध थांबवले ते पोट भरलेले असताना ठसका लागू नये म्हणून. मिठाच्या कोमट पाण्याने त्यांचे तोंड स्वच्छ केले, खाटेची पाठ उभी केली, बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले आणि सक्शनची नळी हाताशी ठेवली. शेजारच्या खाटेवरच्या वारकरी आजोबांनी आपल्या मोबाइलवरचे भजन आपणहून बंद केले.

फादरांनी लॉकरवर पांढरे वस्त्र अंथरून त्यावर झाकणाचे लहान पात्र ठेवले. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना सर्वांनी मिळून म्हटली. शरणपूरच्या मावशीही म्हणत होत्या. मग फादरांनी चमचा बाबांच्या ओठांजवळ नेला आणि ते म्हणाले, “ख्रिस्ताचे रक्त.” बाबांचा घसा बसलेला होता, तरी “आमेन” सगळ्यांना ऐकू आले. त्यांनी हनुवटी झुकवली आणि गिळले. मी यंत्रावरचा आकडा पाहत होते. तो हलला नाही. ठसका लागला नाही. थोड्या वेळाने मी अर्धा चमचा पाणी दिले, तेही उतरले.

बाबांनी डोळे उघडले आणि विचारले, “फादर, पूर्ण मिळालं का?”

“पूर्ण मिळालं, बाबा,” फादर म्हणाले. “शरीर आणि रक्त, दोन्ही. आम्हाला वेदीवर मिळतं त्याहून रतीभरही कमी नाही.”

तेव्हा बाबा रडले, आणि त्यांच्या पत्नीही. फादरांनी पात्रात उरलेले स्वतः प्राशन केले, पात्र आणि चमचा पाण्याने विसळून तेही पाणी घेतले. मावशी बहिणीचा हात धरून उभ्या होत्या, मग पुढे होऊन म्हणाल्या, “दाजी, आज तुम्हालाही प्याला मिळाला.” बाबांनी मान हलवली. या दोन कुटुंबांच्या धर्मसभा एका वेदीवर अजून एकत्र येत नाहीत, आणि त्या सकाळी मावशींनी स्वतः काही घेतले नाही, घेण्याचा आग्रहही धरला नाही. दोन्हींमध्ये जे समान आहे ते मात्र त्या खाटेभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होते.

माझे मत मी इथे स्पष्ट लिहिते. अन्ननलिकेचा, घशाचा किंवा जिभेचा कर्करोग, पक्षाघात अशा आजारांत गिळता न येणारी कितीतरी श्रद्धावान माणसे असतात, आणि ती आपल्याला आता कम्युनियन मिळणार नाही असे समजून मुकाट्याने बाजूला होतात. कुणी त्यांना अडवलेले नसते. दुसरी वाट आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, एवढेच. रविवारच्या प्रवचनात हे वर्षातून एकदा जरी सांगितले गेले, तरी घरचे लोक विचारायला पुढे येतील. तसेच डॉक्टरांना न विचारता कुणीही आपल्या मनाने आजाऱ्याच्या तोंडात काही घालू नये, हेही त्याच प्रवचनात सांगावे, कारण पक्षाघाताच्या रुग्णांत पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरण्याचा धोका घट्ट पदार्थांपेक्षा अनेकदा अधिक असतो. बाबांचा अडथळा गाठीमुळे होता, म्हणून द्रव उतरला. प्रत्येकाचे तसे नसते.

बाबा दाखल असेपर्यंत दर रविवारी त्यांना याच पद्धतीने कम्युनियन मिळत राहिले. घरी जाताना डॉक्टरांच्या परवानगीने मी त्यांच्या कागदांत एक वेगळे पान जोडले. त्यावर खाट किती उभी करायची, दूध केव्हा थांबवायचे, चमचा किती भरायचा आणि ठसका लागल्यास काय करायचे हे लिहिले होते. फादरांनी त्यांच्या गावच्या धर्मगुरूंच्या नावे स्वतंत्र पत्र दिले. पुढच्याच आठवड्यात त्या धर्मगुरूंचा मला वॉर्डात फोन आला. त्यांनी पान वाचलेले होते आणि गावात अंथरुणाला खिळलेल्या आणखी एका आजींसाठी असे करता येईल का, हे त्यांना विचारायचे होते. मी आधी आजींचा आजार कोणता हे विचारले आणि त्यांना डॉक्टरांचा क्रमांक दिला.