पिकअपचा हीटर पुन्हा जोडला, त्याचा अनुभव

मराठवाड्यात गाडीला हीटर हवाय म्हटलं की लोक तोंडाकडं बघतात. मे महिन्यात ४० अंशांच्या वर तापणाऱ्या बीड जिल्ह्यात हीटर कशाला? पण पौषात पहाटेच्या अंधारात भाजी भरून केजहून बीडच्या मोंढ्याला निघा, म्हणजे कळतं. समोरची काच आतून धुरकट होते. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्यात फडकं, आणि नेकनूरच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली, तिला मागं दिवा नाही.

माझी डिझेल पिकअप जुनी, सेकंडहँड घेतलेली. हीटर कंपनीचाच, पण आधीच्या मालकानं तोडलेला. बॉनेट उघडलं तर केबिनच्या पत्र्यातून आलेल्या दोन्ही नळ्या उघड्या आणि इंजिनावरची दोन तोंडं आखूड पाइपनं एकमेकांना जोडलेली. आपल्याकडं हे सर्रास चालतं. हीटरची जाळी, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी जिच्यातून फिरतं ती, गळायला लागली की पायाशी पाणी येतं, ती बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, मग बायपास करून मोकळे होतात.

म्हणून आधी जाळी तपासली. एका नळीतून पाणी हळू सोडलं (जोरात सोडलं तर जुनी जाळी फुटते). दुसरीकडून आधी तांबूस गंज आला, मग बोअरच्या पाण्याचे पांढरे खपले. दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून धुतली, पाणी भरून रात्रभर ठेवली. सकाळी पायाखालची चटई कोरडी होती. ओली निघाली असती तर मी बायपासच राहू दिला असता.

पाइप घेताना दुकानदार शेतीचा साधा पाइप पुढं करील, तो घेऊ नका. गरम पाण्यानं तो मऊ पडून फुगतो. आत दोऱ्याची वीण असलेला, कूलंटसाठीचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यासाठीचा) रबरी पाइपच हवा. माझ्या गाडीला पाच सुताचा, म्हणजे ५/८ इंची लागला. क्लिप नळीच्या उभाराच्या आत, इंजिनाकडं किंवा पत्र्याकडं सरकवून आवळायची, अगदी टोकावर नाही, आणि पाइप सायलेन्सरच्या तापलेल्या भागाला टेकू द्यायचा नाही. एक पाइप इंजिनाच्या हेडकडून गरम पाणी जाळीत नेतो, दुसरा ते वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला परत आणतो.

जुनं कूलंट सांडलं ते घमेल्यात धरून डब्यात बंद केलं. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात. नवं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घातलं. मग गाडीचं तोंड चढाकडं केलं, हीटरचा नॉब गरमवर ठेवला आणि इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो.

एवढं करून हवा कोमटच. मिस्त्री चाचांकडं नेली. "बीड में हीटर कायकू होना?" म्हणत ते हसले, पण हात लगेच पाइपांवर गेला. एक गरम आणि एक थंड असेल तर जाळी तुंबली किंवा हवा अडकली. दोन्ही कडक गरम आणि हवा थंड असेल तर आतली झडप किंवा तिची केबल. माझे दोन्ही सारखेच कोमट. चाचा म्हणाले, "वॉल नहीं रहेगा इसमें." खोललं तर थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणाऱ्या वॉलची, जागा रिकामी!

गाडी तापू नये म्हणून हा वॉल काढून टाकणारे गावोगाव आहेत. मग पाणी अखंड रेडिएटरमधून फिरतं आणि थंडीत इंजिन नीट तापतच नाही. डिझेल जास्त जातं, हीटरला ऊब मिळत नाही. ८२ अंशांना उघडणारा नवा वॉल नव्या पॅकिंगसह बसवला आणि परतीच्या वाटेवरच काच साफ झाली.

हीटरचा खरा उपयोग मात्र मला उन्हाळ्यात झाला. बीडहून खताची पोती भरून मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला की खिडक्या उघडून हीटर पूर्ण चालू करतो. जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढून घेते. काटा जरा खाली येतो. पायाला चटके बसतात, पण माथ्यावर थांबून गाडी निववत बसण्यापेक्षा ते परवडतं. काटा तरीही चढतच राहिला तर मात्र गाडी बाजूला घ्यायची, आणि गार होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.