सरकारी वकिलाच्या बाजूने केलेला जामिनाचा विचार

अमेरिकेच्या केंद्र सरकारतर्फे बारा वर्षे फौजदारी खटले चालवल्यानंतर मी त्याच न्यायालयात मॅजिस्ट्रेट जज या पदासाठी अर्ज केला, तेव्हा सांगलीहून आईने फोनवर विचारले, "म्हणजे ही बढती की उतरती?" आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हटले की तालुक्याचे कोर्ट आठवते, त्यामुळे तिचा प्रश्न रास्तच होता. १९६८ च्या कायद्याने निर्माण झालेल्या या पदाकडे अटकेनंतरची पहिली हजेरी, जामीन आणि झडतीची वॉरंटे ही कामे असतात. शिवाय दोन्ही पक्षांची संमती असल्यास दिवाणी खटला ज्यूरीसह निकालापर्यंत चालवता येतो.

आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सोनिया सोटोमायोर मॅनहॅटनमध्ये सरकारी वकील होत्या, नंतर त्यांनी खासगी वकिली केली आणि १९९२ मध्ये त्या केंद्रीय जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. तो मार्ग राष्ट्राध्यक्षांच्या नामनिर्देशनातून आणि सिनेटच्या संमतीतून जातो, आणि ते पद आजीव असते. मॅजिस्ट्रेट जजला मात्र त्या जिल्ह्याचे न्यायाधीशच बहुमताने आठ वर्षांसाठी निवडतात. त्याआधी एक निवड समिती अर्ज छाननी करून मोजकी नावे सुचवते, आणि या समितीत वकील नसलेले सदस्यही असावे लागतात.

मला अडचणीत आणले ते अशाच एका सदस्याने. कायद्याच्या प्रश्नांची तयारी मी रात्री जागून केली होती, त्यांनी मात्र एवढेच विचारले, "आरोपीला सोडायला हरकत नाही, असे तुम्ही स्वतःहून कितीदा म्हणालात?" १९८४ च्या जामीन कायद्यानुसार आरोपी पुन्हा हजर राहील आणि समाजाला धोका होणार नाही, एवढी खात्री देणाऱ्या अटींपैकी सर्वांत कमी जाचक अटी न्यायालयाने निवडायच्या असतात. हे मला तोंडपाठ होते, तरीही एका प्रकरणात मी निव्वळ सवयीने कोठडी मागितली होती. न्यायाधीशांनी आरोपीला सोडले आणि तो एकही तारीख न चुकवता हजर राहिला. तेच मी समितीला सांगितले. मुलाखतीत आपलीच चूक कबूल करणे शहाणपणाचे होते का, या शंकेने पुढचे काही आठवडे झोप लागली नाही.

निवड झाल्यावर एफबीआयची चौकशी आणि प्राप्तिकराची तपासणी पार पडली. त्यात लिहिण्यासारखे काही नाही. खरे कष्ट पडले ते वेगळ्याच यादीसाठी. सरकारी वकील म्हणून ज्या प्रकरणात भाग घेतला किंवा मत दिले, त्यात न्यायाधीशाला बसता येत नाही, म्हणून माझ्या हाताखालून गेलेले प्रत्येक प्रकरण आठवून मी न्यायालयाच्या कार्यालयाला लिहून दिले. त्यात जिथे केवळ एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याला दारात उभ्या उभ्या सल्ला दिला होता, अशी प्रकरणेही होती.

जुन्या सहकाऱ्यांच्या प्रकरणांपासून दूर राहण्याचा मी ठरवलेला काळ संपला, तेव्हा पहिली सुनावणी आली ती मीच शिकवलेल्या वकिलाची. आरोपीचे परदेशात नातेवाईक आहेत, त्याची नोकरी गेली आहे, शिक्षा मोठी होऊ शकते: वाक्ये माझीच होती, क्रमही माझाच. मी विचारले, "पासपोर्ट जमा करून घेतला आणि बहिणीच्या घरी राहण्याची अट घातली, तर उरणारा धोका नेमका कोणता?" त्यांनी कागद चाळले आणि दहा मिनिटांचा वेळ मागितला. मी तो दिला.