२.८१चा हिशेब काही केल्या जमेना

मंडळी, मॉर्टलॅक ही स्कॉच व्हिस्कीची डिस्टिलरी आपला माल २.८१ वेळा डिस्टिल होतो (म्हणजे उकळून, वाफ थंड करून गाळला जातो) असं सांगते. मागच्या वेळी तिच्या कागदावर 'पुढे चालू' लिहून थांबलो होतो. आता स्प्रिंगबँक या दुसऱ्या डिस्टिलरीचा हिशेब सुटलाय आणि मॉर्टलॅकचा जेवढा जमला होता तेवढाही मोडलाय.

आधी सुटलेलं. स्प्रिंगबँक स्वतःला अडीच वेळा डिस्टिल केलेली म्हणवते. शेवटच्या स्टिलमध्ये, म्हणजे भट्टीत, ८० टक्के फेंट्स (इथे दुसऱ्या फेरीतून निघालेला माल) आणि २० टक्के लो वाइन्स (पहिल्या फेरीतला माल) पडतात. फेंट्सच्या दोन फेऱ्या आधीच झालेल्या, लो वाइन्सची एक. म्हणजे ८० टक्के मालाला एकूण तीन, २० टक्क्याला दोन. सरासरी येते २.८! त्यात फेंट्स जास्त कडक, म्हणून अल्कोहोलच्या मापाने धरलं तर आकडा २.९ कडे सरकतो. त्याच डिस्टिलरीची लाँगरो दोनदा, हेझलबर्न तीनदा, मग मधल्या भावंडाला अडीच, असा कॅम्पबेलटाउनचा (स्प्रिंगबँकच्या गावाचा) सुटसुटीत हिशेब दिसतो. आपल्याला पटला बुवा.

मॉर्टलॅकवाले मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत जातात, म्हणून डोकं फिरतं. १८९०च्या दशकात अलेक्झांडर कॉवी यांनी बसवलेली ती सगळी भानगड तुम्हाला पाठ आहेच. सहा स्टिल, एकाचं माप दुसऱ्याला नाही. ३ नंबरची जोडी सरळमार्गी, दोन फेऱ्यांची. १ आणि २ नंबरचे वॉश स्टिल (पहिल्या फेरीचे) एकत्र चालतात. त्यांचा पहिला ८० टक्के माल २ नंबरच्या स्पिरिट स्टिलला (पुढच्या फेरीच्या भट्टीला) जातो आणि शेवटचा पातळ २० टक्के सगळ्यात धाकट्या स्पिरिट स्टिलला, म्हणजे 'वी विची'ला. विचीबाई पहिल्या दोन फेऱ्यांत कट घेतच नाहीत, म्हणजे ठेवण्याजोगा मधला भाग वेगळा काढत नाहीत. तो भाग, हार्ट, निघतो तिसऱ्या फेरीत.

आता मांडा. विचीतल्या मालाला वॉश स्टिलची एक आणि तिच्या स्वतःच्या तीन, अशा फार तर चार फेऱ्या. बाकी सगळ्याला दोन. सरासरी २.८१ हवी तर सुमारे ४० टक्के स्पिरिट एकट्या विचीतून यायला पाहिजे. सगळ्यात छोटं भांडं, त्यात पडणारा माल शेपटाकडचा, आणि त्यातून ४० टक्के? लिटरने मांडून पाहिलं, अल्कोहोलने मांडून पाहिलं. अल्कोहोलने तर विचीचा वाटा आणखीच घटतो, कारण तिच्याकडे येणारा माल मुळात कमजोर.

हे लिहिता लिहिता एक सुचतंय. फोरशॉट्स आणि फेंट्स (हार्टच्या आधीचा आणि नंतरचा माल) पुढच्या चार्जमध्ये, म्हणजे भट्टीच्या भरणीत, परत टाकतातच की! ग्लेनफिडिक घ्या, लॅगाव्हुलिन घ्या, कुठलीही स्कॉच घ्या, त्या मालाच्या फेऱ्या कोण मोजतं? त्या धरल्या तर 'दोनदा' म्हणवणारा एकही मॉल्ट नेमका दोनदा राहत नाही. मग २.८१ कुठल्या तरी वेगळ्या मोजणीतून आलेला असणार, आणि माझा तक्ता मुळातून नव्याने मांडावा लागणार. फेऱ्या मालाच्या मोजायच्या की भट्टीच्या, इथपासून सुरुवात. कोणाकडे सहाही स्टिलच्या चार्जचे खात्रीचे आकडे असतील तर टाका.

तोवर नाकाने काम चालू आहे. मॉर्टलॅक १२, ४३.४ टक्केवाली, दोन ग्लेनकेअर्न ग्लासांमध्ये सारखी ओतली. एका ग्लासात तांब्याची उघडी तार, पीतांबरीने घासून, खळखळून धुऊन सोडली. (मोटर वाइंडिंगची तार अजिबात नको, तिच्यावर वार्निश असतं. आणि देवघरातल्या पळीला हात लावाल तर घरात राहणं कठीण होईल.) दोन्हींवर बशी झाकून अर्धा तास ठेवलं. बिनतारेच्या ग्लासात ती ओळखीची मटणाच्या रश्श्याची झाक आणि मागे विझलेली काडी. तारेच्या ग्लासात काडी जवळपास गायब, सफरचंद आणि मध पुढे आलेला. मॉर्टलॅकच्या वर्म टबचा मुद्दा इतका स्वच्छ मला वाचून कधी कळला नव्हता. थंड पाण्यातल्या नळीत वाफ पटकन पाणी होते, तिला तांबं कमी भेटतं, म्हणून गंधक टिकतं. तारेचा ग्लास सिंकमध्ये ओतला, प्यायचा नसतो.

सामानाबद्दल थोडं. सॅम्पलच्या बाटल्यांना पॅराफिल्म (ताणून बसणारी पट्टी) गुंडाळाच. मित्राने परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानातून मागवलेली बेनरिनिस (आणखी एक स्कॉच) अर्धी उडून आली, झाकण नुसतं वरवर लावलेलं. मॉर्टलॅकची १६ वर्षांची जुनी 'फ्लोरा अँड फॉना' मालिकेतली बाटली कोणी अजून जपून ठेवली असेल तर मला हेवा वाटतो. २०१४ मध्ये ती मागे पडली आणि अर्ध्या लिटरच्या महागड्या बाटल्या आल्या, तो निर्णय मला आजही पटलेला नाही.

पुढचा बेत खरं तर स्प्रिंगबँक १० समोर मॉर्टलॅक १२ असा होता. तो रद्द. उरलेल्या अर्ध्या सॅम्पलमध्ये बेनरिनिस १५ आहे, तिथेही वर्म टब, आणि २००७ पर्यंत अर्धवट तिहेरी डिस्टिलेशन. आधी तिच्यात तार सोडतो.