वडिलांना मुलं किती?

घर घेणारी माणसं माझ्याकडे बहुतेक वेळा उशिरा येतात. विसार देऊन झालेला असतो, कर्ज मंजूर असतं, रजिस्ट्रेशनचा दिवस ठरलेला असतो आणि मग ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं, ‘एकदा वकिलाला दाखवून घे.’ मी पुण्यात मिळकतींची कामं करते. सर्च (जुन्या नोंदींचा शोध), साठेखत (विक्रीआधीचा करार), खरेदीखत, हक्कसोडपत्र (वारसाने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) हेच रोजचं. त्या शुक्रवारी सकाळी आलेलं जोडपंही असंच होतं. सोमवारी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत, शनिवारी विकणाऱ्याला दहा लाख आरटीजीएस, आणि एक लाख विसार आधीच गेलेला. ‘मॅडम, ड्राफ्टवर फक्त एक नजर टाका,’ एवढीच त्यांची विनंती.

मुलगा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला. ती एका हॉस्पिटलात नर्स. दोघांच्या घरांतलं शहरातलं हे पहिलंच घर. कर्वेनगरमधला टू बीएचके, जुनी सोसायटी, किंमत ७२ लाख.

त्याची तयारी बघून मला खरंच कौतुक वाटलं. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणजे ५७ लाख ६० हजार बँकेचे आणि १४ लाख ४० हजार स्वतःचे. स्टॅम्प ड्युटी त्या हिशेबात धरली जात नाही, हेही त्याने ओळखलं होतं. पुण्यात ७ टक्क्यांनी तीच पाच लाखांवर जाते, वर नोंदणी फी ३० हजार. हे गणित आयत्या वेळी कळल्यामुळे नातेवाइकांकडे हात पसरावे लागलेली कितीतरी कुटुंबं मी पाहिली आहेत. किंमत ५० लाखांच्या वर असली की एक टक्का टीडीएस खरेदीदारानेच कापून भरायचा असतो, तेही त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. मी त्यांना सांगितलं, घर फक्त हिच्या नावावर घेतलंत तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, ७२ हजार वाचतील. ती लगेच म्हणाली, ‘नको, दोघांचं नाव हवं.’

मग मी फाइल उघडली. १९९४ चा बिल्डरबरोबरचा नोंदवलेला करार, विकणाऱ्या काकांच्या वडिलांच्या नावाचा. महापालिकेचा भोगवटा दाखला. मिळकतकराची पावती काकांच्या नावाची. सोसायटीची एनओसी. सोसायटीच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट, त्याच्या मागच्या बाजूला वडिलांच्या नावाखाली काकांचं नाव, सेक्रेटरीची सही आणि शिक्का. इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध त्या मुलाने स्वतः घेतला होता. फ्लॅटवर कुठलंही गहाणखत नाही, दुसरी विक्री नाही. ‘सर्च क्लिअर आहे, मॅडम,’ तो म्हणाला, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पण १९९४ नंतर फ्लॅट वडिलांकडून काकांकडे कसा आला, हे सांगणारा एकही कागद फाइलमध्ये नव्हता. ना मृत्युपत्र, ना बक्षीसपत्र, ना हक्कसोडपत्र. होती ती शेअर सर्टिफिकेटवरची एक ओळ. वडिलांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून काकांचं नाव दिलं होतं, वडील गेल्यावर सोसायटीने ते चढवलं.

मी त्या दोघांना विचारलं, ‘काकांच्या वडिलांना मुलं किती?’

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एजंटने ‘सिंगल ओनर’ असं सांगितलं होतं. हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलाच नव्हता, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माणूस गेला की त्याची मालमत्ता त्या क्षणी वारसांची होते. त्यासाठी कुठल्याही कार्यालयात दस्त नोंदवावा लागत नाही. जो दस्त झालाच नाही तो इंडेक्स टूमध्ये दिसणार कुठून? सर्च पूर्ण क्लिअर येतो आणि तरीही तीन माणसं त्यातून निसटलेली असतात.

मी काकांना फोन करून बोलावून घेतलं. दुपारी ते बायकोबरोबर आले. साधा, सरळ माणूस, निवृत्त झालेला. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण अशा गोष्टीत लोक लगेच फसवणूक शोधतात. काकांची पक्की समजूत होती की नॉमिनी म्हणजे मालक. ‘सोसायटीने माझ्या नावावर केलंय, टॅक्स मी भरतो, वडिलांची इच्छाही तीच होती. अजून काय लागतं?’

मी त्यांना सांगितलं, ‘नॉमिनी म्हणजे ज्याच्याशी सोसायटीने व्यवहार करायचा तो माणूस. मालकी वारसांची राहते.’ विम्याच्या नॉमिनीबद्दल सुप्रीम कोर्टाने हे १९८३ मध्ये सांगितलं, कंपनीच्या शेअर्सबद्दल २०२३ मध्ये. आपल्या सहकारी संस्था कायद्यात तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्पष्टच आहे की हक्कदार ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. तरीही अर्ध्या पुण्यात आजही शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बघून फ्लॅट विकत घेतले जातात. मला याची खरोखर काळजी वाटते.

मग हळूहळू कुटुंब समोर आलं. आई वडिलांच्या आधी गेलेली. एक बहीण, लग्न होऊन सोलापूरला. आणि एक मोठा भाऊ, तोही वडिलांच्या आधी गेलेला. त्याची बायको आणि मुलगा नगरला राहतात. ‘मुलगा केवढा?’ मी विचारलं. ‘दहावी झाली त्याची यंदा,’ काकू म्हणाल्या.

इथे मी पेन खाली ठेवलं.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आधी मेलेल्या मुलाची बायको आणि मुलं त्याच्या जागी उभी राहतात. म्हणजे घराचे तीन भाग. एक काकांचा, एक बहिणीचा, आणि तिसऱ्यात वहिनी आणि तो मुलगा निम्मे निम्मे. ७२ लाखांतले २४ लाख काकांचे आणि १२ लाख त्या सोळा वर्षांच्या मुलाचे. अज्ञानाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाची, स्थावर मिळकत आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. उद्या वहिनींनी त्याच्या वतीने सही केली, तरी सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो मुलगा कोर्टात जाऊन तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. त्या वेळी घरात हे जोडपं राहत असणार, महिन्याला ५० हजारांच्या आसपास हप्ता भरत असणार, काका पैसे वापरून मोकळे झालेले असणार.

काकांनी तिथूनच बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘दादा, मला काही नको होतं. पण विकतोयस एवढं तरी सांगायचं होतंस.’ काकांना पुढे बोलता येईना. काकूंनी फोन घेतला. त्यानंतर वहिनींना फोन करायचा होता आणि तो कुणी करायचा यावर दोघं बराच वेळ अडले. शेवटी काकूंनीच केला. वहिनी शांतपणे बोलल्या. घर विकायला त्यांची ना नव्हती, पण मुलाच्या वाट्याचे पैसे त्याच्या शिक्षणाला हवेत, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यात काहीच गैर नव्हतं. मला तर त्या खोलीतलं सगळ्यांत स्वच्छ बोलणं तेच वाटलं.

घर घेणाऱ्या मुलाला मात्र हे पटायला वेळ लागला. ‘पण बँकेने कर्ज मंजूर केलंय ना? आणि रजिस्ट्रारही बघेलच की!’ हे दोन्ही समज मला जवळजवळ प्रत्येक पहिल्या खरेदीदारात सापडतात. बँकेचं मंजुरीपत्र बहुतेक वेळा पगार आणि परतफेडीची ऐपत बघून निघतं. कागदांची छाननी पैसे देण्याआधी होते, आणि ती बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी तो देत नाही. त्या फाइलमध्ये एवढे शिक्के होते, पण हे घर पूर्ण विकायचा अधिकार काकांना आहे असं कुणीच म्हटलेलं नव्हतं.

‘मग आता?’ तिने विचारलं. मी म्हटलं, शनिवारचे दहा लाख पाठवू नका. बहिणीचं हक्कसोडपत्र दोन दिवसांत नोंदवता येईल किंवा त्या खरेदीखतावर विक्रेत्या म्हणून सही करतील. वहिनींचंही तसंच. पण मुलाच्या हिश्श्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागेल आणि त्याला महिने लागतील. थांबायची तयारी असेल तर साठेखत करू, त्यात परवानगीची अट घालू, पैसे त्यानंतर. थांबायचं नसेल तर विसार परत मागा.

विसाराच्या पावतीवर मालकी निर्वेध नसल्यास पैसे परत, असं एक वाक्यही नव्हतं. एजंटच्या छापील पावत्यांवर ते सहसा नसतंच. कायद्याने मागता आले असते, पण त्यासाठी भांडावं लागलं असतं. काकांनी तशी वेळ येऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाखभर रुपये परत पाठवले. एजंटने आपला हिशेब मागायला फोन केला, तेव्हा तोही काकांनीच मिटवला.

ती दोघं थांबली नाहीत. भाड्याच्या घराचा करार संपत आला होता. काही महिन्यांनी त्यांनी वारज्यात फ्लॅट घेतला, तोही रीसेल. या वेळी विसार द्यायच्या आधी ती फोनवर मला सांगत होती, ‘मॅडम, विकणाऱ्या बाई एकट्याच आहेत. नवरा गेलाय, फ्लॅट पहिल्यापासून दोघांच्या नावावर होता. मुलगी एकच, सज्ञान, इथेच असते, खरेदीखतावर सही द्यायला तयार आहे. सासूबाईही नाहीत, दाखला बघितला.’ मयत मुलाची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. तिने स्वतः शोधून काढलं होतं.

काकांचं काम मी घेतलं नाही. खरेदीदार माझ्याकडे आलेले असताना विकणाऱ्याची बाजू मला धरता येत नव्हती. एका सहकाऱ्याचं नाव दिलं. पुढे त्याच्याकडून कळलं की परवानगी मिळाली. कोर्टाने अट घातली होती, मुलाच्या हिश्श्याची रक्कम तो अठरा वर्षांचा होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायची आणि व्याज शिक्षणासाठी आईने काढायचं. खरेदीखताच्या दिवशी सोलापूरहून बहीण आणि नगरहून वहिनी, दोघी सह्या करायला पुण्यात आल्या होत्या.