पाचवी वायर आणि जांभळा फ्यूज
जानेवारीतला शनिवार, बाहेर उणे आठ सेल्सिअस, आणि मला नवा थर्मोस्टॅट बसवायचा मुहूर्त सापडला. न्यू जर्सीतलं आमचं घर जुनं, हॉलच्या भिंतीवर पाऱ्याच्या कुपीचा थर्मोस्टॅट. घर गार पडून कुपी कलली की पारा सरकून दोन तारा जोडतो आणि तळघरातली, घर गरम करणारी फर्नेस पेटते. मला मात्र फोनवरून चालणारा हवा होता.

झाकण काढलं तर चार वायरी: आर, डब्ल्यू, वाय, जी. म्हणजे 24 व्होल्टचा पुरवठा, हीटिंग, एसी, पंखा. नव्याला स्वतःसाठीही वीज लागते, त्याला परतीची 'सी' वायर हवी. ती कुठेच दिसेना. केबल जरा ओढली, तर भिंतीच्या आत पाचवी, निळी वायर केबललाच गुंडाळून ठेवलेली! तळघरातही तिचं टोक तसंच मोकळं. फर्नेसचा स्विच बंद करून ती तिच्या आतल्या बोर्डावरच्या 'सी'च्या स्क्रूखाली कसली. तिथे बाहेरच्या एसी युनिटची एक वायर आधीच होती.

इथवर शहाणपणा. मग व्होल्टेज बघायला फर्नेसचं दार लावून स्विच सुरू केला. वर भिंतीपाशी मल्टिमीटरवर 26. छान! आणि स्विच तसाच ठेवून वायरी भिंतीत कोंबायला लागले. चोवीस व्होल्टला काय घाबरायचं? 'आर'ची लाल आणि 'सी'ची निळी, दोघींची उघडी टोकं टेकली, मोहरीएवढी ठिणगी उडाली, आणि खालची फर्नेस मुकी झाली.

आई कोल्हापूरहून आलेली, शाल गुंडाळून मागेच उभी. "जुना काय वाईट होता गं?" म्हणत तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. फर्नेस त्यांनी जन्मात पाहिलेली नाही, पण पहिला प्रश्न हाच: "फ्यूज बघितलास का?"

बोर्डावर होता खरा. गाडीत असतो तसला, चपटा, जांभळा, 3 अँपिअरचा. उजेडात धरला तर आतली पट्टी तुटलेली. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तस्साच मिळाला. "तीनच्या जागी दहाचा घालशील तर पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जाईल," बाबांनी बजावलं. या खेपेला स्विच आधी बंद केला, वायरी नीट कसल्या, मगच सुरू केला. तरी फर्नेस ढिम्म! दार पुरतं बसलं नव्हतं, त्यामुळे आतलं सेफ्टीचं बटण दाबलंच जात नव्हतं. गुडघ्याने ढकललं, खट्‌ झालं.

जाळीतून गरम वारा आला तशी आई नव्या थर्मोस्टॅटच्या स्क्रीनपाशी गेली. "अडुसष्ट? मग अजून शाल कशी लागते मला?"

फॅरनहाइट बाबांनीच समजावलं.