"आतून जगायचंच होतं ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलोय हे कळलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, "वाचलात, म्हणजे आतून तुम्हाला जगायचंच होतं ना?" त्यांना माझ्याकडून 'हो' हवं असतं. काय केलं, कसं केलं हेही काहींना हवं असतं. ते मी कुणालाच सांगत नाही.

मला त्या त्रासातून सुटायचं होतं आणि दुसरी वाट दिसत नव्हती. शरीरानं मात्र मला विचारलंच नाही. श्वास चालवणारं केंद्र मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते श्वास घ्यायला लावतं, शुद्ध असो वा नसो. हृदयाला तर ठोक्यासाठी मेंदूचा हुकूमही लागत नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातल्या पेशींचा एक पुंजका आपणहून ठोका देत राहतो.

आयसीयूत नळी काढल्यानंतरचं मला आठवतं. घसा सोलवटलेला, आणि पाणी द्यायचं नाही असं सांगितलेलं. सिस्टर ओल्या कापसाचा बोळा ओठांवरून फिरवत होत्या, तर मी तो ओठांत पकडून चोखायला लागलो. "अहो सोडा, ठसका लागेल," त्या म्हणाल्या. मला सोडवेना. वाचल्याचा आनंद तेव्हा नव्हता. लाज होती, राग होता. तहान मात्र शंभर टक्के खरी होती.

पुढे फिजिओथेरपीच्या मॅडमनी तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हातात दिलं. कप्प्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे. नळीतून श्वास आत ओढायचा की चेंडू वर चढतात. पहिला चेंडू जरासा हलला आणि खाली बसला. ताई पलंगाला टेकून म्हणत होती, "ओढ रे, अजून थोडं." दुसरा चेंडू वर गेला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. त्या घटकेला मला तो तिसराही वर न्यायचा होता. जगायचं की नाही हा प्रश्न तेव्हा डोक्यात नव्हता.

म्हणूनच "इच्छाशक्तीनं वाचलात" असं कुणी म्हटलं की मला फार लागतं. मग जे गेले त्यांची इच्छाशक्ती कमी पडली, असं होतं. मुलगा गेलेल्या एका माउलीनंही मला हाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "काकू, तो कमकुवत नव्हता, आणि तुमच्यावरची त्याची मायाही कमी नव्हती. माझ्यापर्यंत माणसं वेळेत पोचली, एवढंच."

खरं तर शरीर आधीपासून सांगत होतं. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. पोटासाठी डॉक्टर झाले, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. नैराश्य आपल्याकडे बरेचदा असंच अंगदुखी, पोटदुखी, झोपमोड होऊन दवाखान्यात येतं. जगण्याच्या ज्या ओढीवर सगळे विसंबून असतात ना, भूक, झोप, माणसांची ओढ, तिलाच हा आजार आधी पोखरतो. एकट्या शरीराच्या भरवशावर कुणाला सोडू नये ते यासाठी.

औषधांचा गुण यायला काही आठवडे गेले. आधी झोप आली, मग भूक, मन सगळ्यांत शेवटी. एकदा जेवताना मी ताईला म्हटलं, "पिठल्यात मीठ कमी आहे." ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि रडली. कित्येक महिन्यांत मी चवीबद्दल बोललोच नव्हतो.

पोलिसांच्या भीतीनं काही घरं अशा माणसाला रुग्णालयातच नेत नाहीत. कृपा करून असं करू नका. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद होते, जबाब घेतात, हे खरं. पण असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही तर उपचार द्यायचे, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. आणि प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ ला दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही.

पुन्हा विचार येतात का? कधीमधी येतात, आणि ओसरतात. वाचलेल्यांचा पुढे अनेक वर्षं मागोवा घेतलेल्या अभ्यासांत दहातले साधारण नऊ जण आत्महत्येनं गेले नाहीत, असं दिसलं आहे. मला याचा फार आधार वाटतो. विचार आला की मी त्याच दिवशी ताईला सांगतो. रात्री-अपरात्री १४४१६ आहे, सरकारचं टेलि-मानस. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

तुमच्या घरात कुणी पहाटे उठून बसत असेल, ताट तसंच सरकवत असेल, तर थेट विचारा: "मरायचे विचार येतात का?" विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर दचकू नका, ऐकून घ्या, एकटं सोडू नका, आणि डॉक्टरकडे त्याच्यासोबत जा.