रजेचे कारण

सरकारी बँकेच्या नोकरीत माझी सत्तावीस वर्षे गेली, त्यांतली शेवटची आठ शाखाधिकारी म्हणून. रजेचे अर्ज आता संगणकावर भरतात, तरी कारणाचा रकाना कायम आहे आणि त्यात ताप, पित्त, कंबरदुखी किंवा 'घरगुती अडचण' यापलीकडे सहसा काही येत नाही.

गेल्या वर्षी मार्चअखेरीच्या धामधुमीत आमच्या कॅशियरने महिन्यात तिसऱ्यांदा 'पित्त' लिहिले. विमा पॉलिसींच्या टार्गेटमध्ये त्यांच्या नावापुढे रोज शून्य दिसत होते आणि तो तक्ता रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारा मीच होतो. मग एका दुपारी ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाले, "माझ्या पीएफच्या फॉर्मवर वारसाचं नाव बरोबर आहे ना, तेवढं बघून ठेव." ती हसून हो म्हणाली. मला मात्र ते वाक्य घरी गेल्यावरही सोडेना.

जीव देण्याचा विचार येतो का, असे थेट विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती मलाही होती. वस्तुतः विचारल्याने धोका वाढत नाही, बोलायला वाट मिळते, असे या क्षेत्रातले तज्ज्ञ सांगतात. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरूममध्ये दोन खुर्च्या टाकून मी विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का?" ते बराच वेळ हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. त्यानंतर मी त्यांना एकटे सोडले नाही. त्यांच्या संमतीने वहिनींना बोलावून घेतले आणि माझ्याच फोनवरून १४४१६ लावला. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची 'टेलिमानस' फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, ती चोवीस तास व विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. वहिनींचा पहिला प्रश्न पोलिसांविषयी होता. मनातले विचार बोलून दाखवणे हा कधीच गुन्हा नव्हता, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असेच २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ गृहीत धरते, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

उपचार डॉक्टरांनी केले. माझ्या हातात होते ते एवढेच: तीन महिने काउंटरऐवजी मागच्या टेबलावरचे काम, टार्गेटमधून नाव वगळणे आणि तो रात्रीचा तक्ता बंद करणे. वरिष्ठांनी कारण विचारले तेव्हा मी फक्त 'वैद्यकीय' म्हणालो, कारण त्यांच्या आजाराचा तपशील सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. योगदिनाला चटया अंथरून फोटो वर पाठवणाऱ्या आमच्या व्यवस्थेत तक्ता बंद करणे अधिक अवघड ठरले, हेही नोंदवून ठेवतो.

यातली गंमत अशी की, संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा पूर्वसूचना न देता सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हेतू हा की, माणूस जागेवर नसताना दडलेले गैरव्यवहार उघडे पडावेत. हिशेबात दडलेले शोधायला आम्ही माणसाला सक्तीने घरी बसवतो आणि त्याच्या मनात काय दडले आहे ते मात्र पित्ताच्या नावाखाली मंजूर करतो.

जूनमध्ये त्यांचा एका दिवसाच्या रजेचा अर्ज आला. असे लिहिण्याची सक्ती कोणावरही नाही, पण कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःहून लिहिले होते: 'मानसोपचारतज्ज्ञांकडे फेरतपासणी.' मी अर्ज मंजूर केला आणि त्या दिवशी कॅशला कोणाला बसवायचे ते पाहू लागलो.